पान पिवळं पडायच्या आधी

टोमॅटोच्या तोड्याला एकदा तरी गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन-चार क्रेट भरेपर्यंत बोटं हिरवट पिवळी होतात आणि दुपारपर्यंत काळपट. घरी येऊन साबण लावला की फेससुद्धा हिरवापिवळा निघतो. हात कितीही घासले, तरी तो उग्र, कडवट वास रात्री भाकरी मोडताना पुन्हा नाकाशी येतो. हा वास फळाचा नाही. टोमॅटोच्या देठावर आणि पानांवर जी बारीक लव असते, तिच्या टोकाशी डोळ्याला न दिसणाऱ्या ग्रंथी असतात. हात लागला की त्या फुटतात आणि त्यांतली द्रव्यं आपल्या कातडीला चिकटतात.

माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. हा वास मी लहानपणापासून ‘टोमॅटोचा वास’ म्हणूनच ओळखत आलो. तो एकच एक नसतो, हे फार उशिरा समजलं. तहानलेल्या झाडाचा वास वेगळा, अळीनं कुरतडलेल्याचा वेगळा. आणि ज्याच्या पानात करपा नुकताच शिरला आहे, पण ज्यावर अजून एक ठिपकाही उमटलेला नाही, त्याचा आणखी वेगळा. झाड आजारी पडल्याची बातमी रंगातून फुटायच्या आधी वासातून बाहेर पडलेली असते. आपल्या नाकाला ती लागत नाही, इतकंच.

या वासाची मुळं पानाच्या रचनेतच आहेत. पेशीतल्या ज्या हिरव्या कणिका उन्हापासून अन्न शिजवतात, त्यांच्या आत अतिशय पातळ पापुद्रे असतात. या पापुद्र्यांतल्या मेदात लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं. जवसाच्या तेलातला मुख्य घटक तोच. अठरा कार्बन अणूंची ही साखळी. पेशी फाटली, चिरडली, कुणी कुरतडली, की एक विकर त्या साखळीला ऑक्सिजन जोडतं आणि दुसरं विकर ती तोडतं. एक तुकडा बारा कार्बनचा, तो पानातच राहतो. दुसरा फक्त सहा कार्बनचा. तो इतका हलका असतो की लगेच हवेत उडतो. त्याचं नाव हेक्झेनाल. गवत कापल्यावर अंगणभर पसरणारा तो हिरवा वास म्हणजे हे हेक्झेनाल आणि त्याची भावंडं. घाव बसल्यापासून काही सेकंदांत ते तयार होतं. ते नुसतं वासाचं द्रव्यही नव्हे, अनेक बुरश्यांना ते विषारी असतं. म्हणजे ज्याला आपण ताज्या गवताचा सुगंध म्हणतो, ते खरं तर जखमेवर ओतलेलं जंतुनाशक आहे.

आता करप्याकडे येऊ. टोमॅटो-बटाट्यावर उशिरा येणारा करपा ज्या जीवामुळे होतो त्याचं नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण खऱ्या बुरश्यांशी त्याचं नातं लांबचं. त्याची जवळची भाऊबंदकी समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी आहे, आणि पाण्याची ओढ त्यानं सोडलेली नाही. गार, ओलसर रात्री पानावर दवाचा पातळ थर साचला की याच्या बीजाणूंतून दोन-दोन शेपट्यांचे सूक्ष्म जीव बाहेर पडतात आणि त्या थरात चक्क पोहतात. मग एका जागी थांबतात, अंकुरतात आणि पानात शिरतात. पुढचे काही दिवस हा पाहुणा शेजाऱ्यालाही कळू न देता राहतो. जिवंत पेशींमध्ये नळ्या खुपसून आयतं अन्न शोषतो, पेशीला मारत मात्र नाही. शेतकरी बांधावरून पाहतो, तर झाड हिरवंगार. आणि मग एका सकाळी पानांच्या कडांना पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग दिसतात, पानाखाली पांढरी लव धरलेली असते. तोवर त्या लवेतून नव्या बीजाणूंचे लोंढे वाऱ्यावर स्वार होऊन पुढच्या सरींत, पुढच्या शेतात पोचलेले असतात.

१८४५ साली आयर्लंडमध्ये हेच घडलं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या काळच्या वर्णनांत बटाट्याच्या शेतांतून येणाऱ्या दुर्गंधीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. माणसांना वास आला होता. पण तो सडण्याचा होता, आजाराच्या शेवटच्या टप्प्याचा. पहिल्या टप्प्याचाही वास शेतावर होताच, तो ओळखणारं कुणी नव्हतं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात चिंगशान वेई आणि जीन रिस्टाइनो यांच्या गटानं २०१९ मध्ये नेमका तो पहिला वास पकडून दाखवला. रिस्टाइनो बाईंनी आयुष्यभर या करप्याचा माग काढला आहे. त्यांच्या उपकरणाची रीत ऐकताना मला फार आनंद झाला, कारण ती माजघरातल्या एखाद्या कृतीसारखी साधी आहे. संशयित झाडाचं एक पान खुडायचं, काचनळीत घालून बूच लावायचं आणि निदान पंधरा मिनिटं थांबायचं. पान नळीत आपला वास सोडत राहतं, हवा दाट होत जाते. मग ती हवा एका बारीक नळीनं मोबाइलच्या पाठीला जोडलेल्या छोट्या डबीत ओढायची. डबीत कागदाची पट्टी असते आणि पट्टीवर निरनिराळ्या रसायनांचे ठिपके. काहींत रंगद्रव्यं, काहींत सोन्याचे अतिसूक्ष्म कण. प्रत्येक ठिपका वासातल्या वेगवेगळ्या द्रव्यांना वेगवेगळा प्रतिसाद देत रंग बदलतो आणि मोबाइलचा कॅमेरा तो बदल टिपतो. निकाल मिनिटाभरात. दहा प्रकारची वनस्पतिद्रव्यं ही पट्टी ओळखू शकली. करप्याची लागण झालेली टोमॅटोची पानं तिनं लागणीनंतर दोनच दिवसांत, ९५ टक्क्यांहून अधिक अचूकतेनं वेगळी काढली.

एकच ठिपका का पुरत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. हेक्झेनाल फक्त एवढंच सांगतं की घाव झाला. तो करप्यानं केला, अळीनं केला की गारपिटीनं, हे त्या एका वासावरून कळत नाही. म्हणून एकेक द्रव्य शोधण्याऐवजी सगळ्यांची मिळून जी नक्षी उमटते ती ओळखायची. हा विचार जुना आहे. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी तीन साधे वायुसंवेदक एकत्र जोडून पहिलं ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ मांडलं. त्या तिघांतला एकही संवेदक एकटा कुठलाही वास ओळखू शकत नव्हता. तिघांच्या प्रतिसादांची गोळाबेरीज मात्र प्रत्येक वासाला निराळी येत होती. आपलं नाकही असंच चालतं. स्वयंपाकघरात फोडणी पडली की बाहेरच्या खोलीतून आपण ‘लसणाची’ असं म्हणतो. त्या वेळी आपण लसणातल्या एकेका गंधकयुक्त द्रव्याची मोजदाद केलेली नसते.

मोजदादही होते, पण ती प्रयोगशाळेत. पानाभोवतीची हवा एका तंतूवर शोषून घेतात, तंतू तापवतात आणि सुटलेली द्रव्यं सुमारे तीस मीटर लांबीच्या, केसासारख्या बारीक नळीतून हेलियमच्या झोतात सोडतात. नळीच्या आतल्या लेपाला काही द्रव्यं घट्ट चिकटतात, काही ओझरती. त्यामुळे एकत्र निघालेली सगळी मंडळी पलीकडच्या टोकाला आपापल्या वेळी, एकामागून एक पोचतात. तिथं त्यांचे तुकडे करून वजनं केली जातात आणि कोण कोण आलं ते कळतं. ज्या प्रमाणात ही द्रव्यं हवेत असतात ते ऐकून छाती दडपते. पुष्कळदा अब्जात एक. पंचवीस टन तांदूळ निवडायला घ्यावा आणि त्यात एकच काळा दाणा असावा, तसं.

आपल्याला हे सगळं आता सुचतं आहे. किड्यांना ते केव्हाचं येतं.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथं मार्सेल डिके यांनी १९८० च्या दशकात घेवड्यावरच्या लाल कोळ्यांचा अभ्यास केला. कोळी पानातला रस शोषू लागले की घेवडा असा काही वास सोडतो की त्या कोळ्यांना खाणारे शिकारी कोळी वास हुंगत तिथं येतात. १९९० मध्ये टेड टर्लिंग्ज यांनी मक्याचं असंच दाखवलं. अळी पान खाते, मका वास सोडतो आणि अळीच्या अंगात अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी त्या वासाच्या मागावर पोचते. जपानमध्ये सैतामा विद्यापीठातल्या मासात्सुगु टोयोटा यांच्या गटानं तर २०२३ मध्ये हे डोळ्यांना दिसेल असं केलं. आपल्याकडे सोयाबीनचा पाला खाणारी स्पोडोप्टेरा अळी त्यांनी एका बाटलीत पानांवर सोडली आणि त्या बाटलीतली हवा शेजारच्या निरोगी रोपट्यावर फुंकली. पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकावं, असा बदल त्या रोपट्यात आधीच केलेला होता. हवा पोचली आणि पानावर प्रकाशाची लाट पसरत गेली. सर्वांत आधी हलल्या त्या पर्णरंध्रांच्या काठच्या पेशी, म्हणजे पानाच्या दारावरचे पहारेकरी. ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल ते मोजलेलं नाही.

अळीसाठी जे, तेच रोगासाठीही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूच्या रोपांना मोझॅक विषाणूची लागण केली. आजारी पानांतून जो वास निघाला, तो आपल्या घरोघरी ओळखीचा आहे. मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमाचा, मिथाइल सॅलिसिलेटचा. पानात तयार होणारं सॅलिसिलिक आम्ल हे झाडाचं रोगप्रतिकाराचं द्रव्य. मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे त्याचंच उडून जाऊ शकणारं रूप. शेजारची रोपं ते हवेतून घेतात, परत आम्लात बदलतात आणि विषाणू यायच्या आत सावध होऊन बसतात.

इथवर ही गोष्ट शेजारधर्माची वाटते. पण जी बातमी हवेत जाते ती सगळ्यांसाठीच जाते, आणि काही रोगांनी या बातमीचा असा काही वापर केला आहे की थक्क व्हायला होतं.

काकडीवर्गीय वेलींना एक मोझॅक विषाणू लागतो. तो पसरवतो मावा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की या विषाणूची लागण झालेली भोपळ्याची रोपं निरोगी रोपांपेक्षा जास्त वास सोडतात आणि मावा तिकडे ओढला जातो. पण पान चाखून पाहतो तर रस अगदीच निकस. मावा तिथं टिकत नाही, लगेच उडून दुसऱ्या झाडावर जातो. विषाणूला हवं होतं ते नेमकं हेच, कारण एवढ्या एका चाखण्यात तो माव्याच्या सोंडेला लागलेला असतो. जास्त वेळ बसून माव्यानं रस शोषला असता तर विषाणूचा प्रवास खुंटला असता. वास खोटा, पाहुणचार खोटा, आणि पाहुणा रोग घेऊन पुढच्या घरी.

संत्र्याच्या ‘ग्रीनिंग’चं तसंच. विदर्भातल्या बागाईतदारांना हे नाव नवं नाही. हा जिवाणू झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नलिकांत राहतो, आणि त्याला झाडाझाडांवर नेतो तो सायला, नवतीवर बसणारा छोटासा किडा. फ्लोरिडात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की रोगट झाडं मिथाइल सॅलिसिलेट जास्त सोडतात आणि सायला त्या वासावर येतो. रोगट झाडात पोषण कमी, म्हणून तिथून तो निरोगी झाडाकडे वळतो. जाताना जिवाणू बरोबर. तंबाखूच्या शेजाऱ्यांना सावध करणारं द्रव्य तेच, इथं मात्र ते रोगाच्या कामी येतं.

ग्रीनिंगचं खरं क्रौर्य त्याच्या मौनात आहे. लागण झाल्यावर महिनोन्‌महिने, कधी वर्षं काहीच दिसत नाही, मग पानं पिवळी-हिरवी चट्टेरी होतात, फळं वाकडी, कडवट निघतात. तोवर ते झाड आसपासच्या बागेला रोग वाटत असतं. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथं २४ कोटी पेट्यांहून जास्त संत्री निघाली होती. २०२२-२३ मध्ये निघाल्या जेमतेम १ कोटी ६० लाख पेट्या. त्यात चक्रीवादळांचाही वाटा आहे, पण कंबरडं मोडलं ते ग्रीनिंगनं. प्रयोगशाळेत पानाची जनुकीय तपासणी करता येते, तिची अडचण अशी की जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो. हजारो पानांतलं नेमकं चुकीचं पान तोडलं की झाड निरोगी ठरतं.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले टिमथी गॉटवाल्ड यांनी या कामाला कुत्री लावली. आपल्या नाकात वास घेणाऱ्या पेशी काही दशलक्ष, कुत्र्याच्या नाकात त्याच्या कितीतरी पट. शिवाय कुत्रं सगळ्या झाडाची हवा एकदम घेतं, पान निवडायची भानगडच नाही. बागेच्या ओळीतून कुत्रं चालत जातं आणि रोगट झाडापाशी पोचलं की खाली बसतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची अचूकता ९९ टक्क्यांच्या घरात होती, आणि लागणीनंतर दोन आठवड्यांत ती झाडं ओळखत होती. त्याच झाडांतली शंभरात तीनसुद्धा दोन महिन्यांनंतरही जनुकीय तपासणीत सापडत नव्हती. आणखी एक नवल पुढंच आहे. हीच कुत्री दुसऱ्या जातींच्या लागण झालेल्या झाडांपाशीही बसली, रोग वाहणाऱ्या किड्यांपाशीही बसली. म्हणजे ती आजारी संत्र्याचा वास हुंगत नसावीत, ती थेट जिवाणूलाच हुंगत असावीत. झाडाच्या सालीआड, रसवाहिन्यांत दडलेल्या त्या सूक्ष्म जिवालाही स्वतःचा वास असतो आणि तो सालीतून, पानांतून गळून बागेच्या हवेत मिसळतो, ही कल्पना मला अजून पुरती पचलेली नाही. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. आंबिया बहाराच्या नवतीत संत्र्याच्या बागेतून असं एखादं कुत्रं फिरताना पाहायला मिळावं, असं मनापासून वाटतं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या त्याच गटानं पुढं पान खुडण्याचीही गरज संपवली. २०२३ मध्ये त्यांनी ३० मिलिमीटर लांबीची लवचीक पट्टी तयार केली. ती पानाच्या खालच्या बाजूला चिकटवायची, कारण पर्णरंध्रं तिथं जास्त आणि पान श्वास सोडतं ते तिथूनच. तापमान, ओलावा आणि वासाची द्रव्यं ही पट्टी सतत मोजत राहते. फुलकिड्यांमधून पसरणारा टोमॅटोचा स्पॉटेड विल्ट विषाणू तिनं लागणीनंतर चौथ्या दिवशी पकडला, तेव्हा पानावर काहीच नव्हतं.

पट्ट्यांचे हे प्रयोग काचघरातले आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. उघड्या रानात वारा वास पळवतो. ऊन चढलं की झाड अधिक द्रव्यं सोडतं, रात्री निराळीच सोडतं. पाण्याचा ताण, तणनाशकाचा उडालेला फवारा, शेजारच्या बांधावरचं कापलेलं गवत, सगळ्यांचे वास एकात एक मिसळतात. आणि एकराला टोमॅटोची काही हजार रोपं असताना पट्टी लावायची कोणत्या पानाला? तरीही या दोन-चार दिवसांचं मोल ज्यानं करपा पाहिला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. डाग दिसल्यावर हातात उरतो तो सगळ्या प्लॉटवर फवारा, ढगाळ हवेत पुन्हा फवारा. डाग दिसण्याआधी कळलं, तर चार झाडं उपटून पिशवीत भरून नेता येतात.

माझा अंदाज विचाराल तर आपल्याकडे हे तंत्र शेतात रुजायच्या आधी साठवणीत रुजेल. तिथं हवा कोंडलेली असते, माल एका जागी असतो आणि वारा कमी. कर्नालला १९३१ मध्ये नोंदलेला गव्हाचा काणी रोग दाण्याला माशासारखा वास आणतो, ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या द्रव्यामुळे. मूठभर गहू नाकाशी नेला तरी ते कळतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात कांद्याच्या साठवणीतली सड वायुसंवेदकांनी ओळखायचे प्रयोग झालेले आहेत, आणि कांद्याची चाळ तर आपल्या घरची गोष्ट.

आजोळची चाळ पत्र्याची, दोन्ही बाजूंना बांबूच्या पट्ट्या, खालून हवा. आषाढात पाऊस लागून राहिला की मामा संध्याकाळी वारा पडल्यावर चाळीच्या कडेनं जायचे. चालताना बोलायचे नाहीत. एका ठिकाणी थांबायचे, दोन पावलं मागं यायचे, पट्ट्यांमध्ये तोंड घालून श्वास घ्यायचे. बाहेरून सगळा कांदा सुका, लाल, खणखणीत दिसायचा. मग तेवढीच एक बाजू फोडायला सांगायचे. हातभर आत गेलं की पाणी सुटलेले पाच-सहा कांदे निघायचे, आणि त्यांना टेकलेले, अजून धड असलेले, आम्ही पोरं पाटीत वेगळे काढायचो.